सरांचं ऐकू, की सरांचं?

"मॅडम, कोच बदलून मागायचा अर्ज कुणाकडं द्यायचा असतो?"

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. पन्नाशीचे गृहस्थ, हातात हेल्मेट, मागं दाराला टेकून उभा असलेला मुलगा. मुलाला मी इथं सुजित म्हणते. दोघांना विचारूनच हे लिहितेय. नाव, कॉलेज, घरचे तपशील बदललेत.

सुजित बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये स्टॉपर, म्हणजे गोलपुढं मधोमध खेळणारा बचावपटू. वडील तरुणपणी तालमीकडून खेळलेले. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना यातली गोम कळायची नाही म्हणून सांगते. आमच्याकडं तालीम म्हणजे मूळचा कुस्तीचा आखाडा, आणि त्याच नावानं फुटबॉलचा संघ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल... शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठच्या पेठ तिकडं लोटते. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून तर बूट घेऊन देणाऱ्या प्रत्येक बापाच्या डोळ्यांपुढं निळी जर्सी असते. कॉलेजच्या टीमचं आणखी वेगळं. वेगवेगळ्या तालमींची पोरं तिथं एकत्र येतात. रविवारी एकमेकांच्या पायात पाय घालणारे सोमवारी एका रंगाचे कपडे घालून एकमेकांना पास द्यायला उभे राहतात.

वडिलांची तक्रार थोडक्यात अशी. जुने सर निवृत्त झाले. दोन नवे कोच आले. मुख्य सर बाहेरगावचे, तिशीतले, सी लायसन्स, म्हणजे कोचिंगचा परवाना-कोर्स, केलेले. सहायक सर इथलेच, जुने नावाजलेले खेळाडू. दोघं आल्यापासून पाच मॅच झाल्या. चार हरले, एक बरोबरीत सुटली. "आणि हे पोरगं मॅचच्या आदल्या रात्री उलट्या करतंय. आता खेळायचंच न्हाई म्हणालंय. घोटा दुखतोय म्हणं."

सुजितच्या उजव्या घोट्याला क्रेप बँडेज होतं.

नवे सर आले आणि मुलाचं बिघडलं, ही काळजी घेऊन माझ्याकडं वर्षभर कुणी ना कुणी येतं. कधी तबल्याचे सर असतात, कधी क्लासचे, कधी क्रिकेटचे. पालकांचा प्रश्न ठरलेला: थांबायचं की काढून घ्यायचं? मी वडिलांना आधी आकड्यांचं सांगितलं, कारण ते आकड्यांनीच सुरुवात करून बसले होते. पाच मॅच म्हणजे फार थोडं. बास टेर वील नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं नेदरलँड्सच्या लीगमधले १९८६ ते २००४ पर्यंतचे मॅनेजर-बदल तपासले होते. मॅनेजर म्हणजे तिकडचा मुख्य कोच. मॅनेजर काढला की टीम सुधारलेली दिसते खरी. पण तितक्याच वाईट अवस्थेतल्या ज्या टीमनं मॅनेजर ठेवला, तीही जवळपास तशीच सुधारते. तळ गाठलेली टीम थोडी वर येतेच, आणि श्रेय नव्या माणसाला जातं.

"म्हंजे अर्ज नको?"

"अर्ज राहू दे. आधी मला एक मॅच बघू द्या."

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, हे कबूल करते. ऑफसाइड मला अजून दर वेळी नव्यानं समजावून घ्यावी लागते. पण जिमखान्याच्या सरांनी परवानगी दिली, सुजितचीही हरकत नव्हती, म्हणून एका शनिवारी दुपारी कॉलेजच्या मैदानावर सराव सामना बघायला गेले. गेटपाशी दहा रुपयांचे खारे शेंगदाणे घेतले आणि पायरीवर बसले.

पंधरा-वीस मिनिटांनी काहीतरी खटकायला लागलं. समोरची टीम सतत ओरडत होती. "एकटाय!" "मागं हाय, मागं हाय!" "दे की भावा!" नुसता कालवा. आपली पोरं मात्र लायब्ररीत खेळत असावीत तशी खेळत होती. मी शेंगदाण्यांची पुडी डाव्या हातात धरली आणि आपल्यातल्या कुणी बॉल मागितला किंवा कुणाला सावध केलं की एक दाणा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकायचा, असं ठरवलं. हाफ टाइमला कप्प्यात नऊ दाणे होते. त्यातले चार गोलकीपरचे.

दुसरी गोष्ट ऐकू आली ती मैदानाबाहेरून. बॉल सुजितकडं आला की मुख्य सर एका बाजूनं ओरडायचे, "खेळव, खेळव, जवळ दे!" आणि त्याच क्षणी बाकाजवळून सहायक सर, "उडव! लांब उडव!" दोघांचे आवाज खणखणीत. सुजित बॉलवर पाय ठेवून अर्धा सेकंद थांबायचा आणि शेवटी बॉल साइडलाइनच्या बाहेर घालवायचा. तीन वेळा हेच घडलेलं मी पाहिलं. चौथ्या वेळी तो बॉलकडं गेलाच नाही. शेजारच्या पोराला जाऊ दिलं.

एक तिसरंही दिसलं, पण ते मी तेव्हा कुणालाच बोलले नाही. बँडेज आज डाव्या घोट्याला होतं.

सोमवारी सुजित एकटा आला. मी घोट्याचा विषय काढला नाही. विचारलं, "बॉलवर पाय ठेवून थांबतोस, तेव्हा डोक्यात काय चाललेलं असतं?"

बराच वेळ तो टेबलावरच्या पेपरवेटशी खेळला. मग म्हणाला, "सरांचं ऐकू, की सरांचं?"

मग सगळं बाहेर आलं. दुसऱ्या मॅचमध्ये त्यानं मुख्य सरांनी शिकवलं तसं गोलकीपरकडं जवळून मागं दिलं. पास कमी पडला, समोरच्यानं मधेच उचलला, गोल. हाफ टाइमला त्याला बाहेर बसवलं. संध्याकाळी त्या गोलची अकरा सेकंदांची क्लिप कॉलेजच्या ग्रुपवर, खाली हसून लोळणारे चेहरे. तालमीच्या ग्रुपवरही ती पोचली, ते वेगळंच. "मॅडम, त्या दिवसापासनं बॉल माझ्याकडं येऊ नये असंच वाटतंय." वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं.

मला वाटतं दुखणं इथं होतं, आणि ते एकट्या सुजितचं नव्हतं. बॉल मागणं म्हणजे पुढच्या चुकीवर आधीच सही करणं. ज्यानं मागितलाच नाही त्याचं नाव क्लिपमध्ये येत नाही. नवे कोच आले की प्रत्येक पोराची जागा पुन्हा तपासणीला लागते, कालचा खात्रीचा खेळाडूही उमेदवार होतो. अशा वेळी अकरा जणांनी एकाच वेळी स्वतःला वाचवायचं ठरवलं तर मैदानावर शांतता पसरते. मुख्य सरांना ती शिस्त वाटली होती. "पोरं गुणी आहेत मॅडम, उलट बोलत नाहीत," असं ते मला कौतुकानं सांगत होते.

दोन्ही सरांना एकत्र बसवणं हा या केसमधला सगळ्यात अवघड भाग. वयानं मोठे असलेले सहायक सर मला "ताई" म्हणत होते आणि ऐकत काहीच नव्हते. "पाठीमागं खेळत बसायचं म्हंजे गोल खायची कामं. बॉल लांब गेला की धोका गेला." मी त्यांना गोलकीपरांची गोष्ट सांगितली. २००७ मध्ये इस्रायली संशोधकांनी २८६ पेनल्टी किक तपासल्या. गोलकीपर जवळजवळ दर वेळी डावीकडं किंवा उजवीकडं झेपावले होते. मध्ये थांबले होते फक्त ६.३ टक्के वेळा. खरं तर थांबले असते तर बॉल अडवण्याची शक्यता जास्त होती. मग उडी का? झेपावून गोल बसला तर निदान प्रयत्न तरी दिसतो, उभं राहून बसला तर लोक म्हणतात, पुतळ्यासारखा उभा होता. "तुमचं 'उडव' तसंच असेल का, सर? बॉल लांब गेला की काहीतरी केल्यासारखं दिसतं?"

सर हसले. मग म्हणाले, "मी गोलकीपरच होतो ताई. खरं हाय हे. उडी मारायचीच असते." त्यांचा स्वर त्यानंतर थोडा बदलला. त्यांची बाजूही चुकीची नव्हती, हे इथं नोंदवायला हवं. चिखलाच्या मैदानावर आणि दमलेल्या पायांनी आखूड पास करणं खरंच धोक्याचं असतं, आणि मुख्य सरांना इथलं मैदान अजून कळलेलं नव्हतं. तासाभराच्या वादानंतर दोघांनी एक गोष्ट कबूल केली: बॉल मागच्या फळीकडं असताना बाहेरून फक्त एकाच माणसानं बोलायचं. कोणी, ते मॅचच्या आधी ठरवायचं आणि पोरांना सांगायचं. मैदान ओलं असेल तर सहायक सर.

दुसरं मागणं चूक झाल्यानंतरच्या दहा सेकंदांबद्दल होतं. अमेरिकेत सिएटलला स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात लहान मुलांच्या बेसबॉल कोचना शिकवलं होतं: चूक झाली की आधी धीर द्या, मग नेमकं काय वेगळं करायचं तेवढंच सांगा. अशा कोचच्या टीम इतरांपेक्षा जास्त जिंकल्या नाहीत. पण मुलांना कोच आवडले, टीममधले सोबतीही जास्त आवडले, आणि ज्यांना स्वतःबद्दल फारसं बरं वाटत नव्हतं त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. "जास्त जिंकल्या नाहीत" हे ऐकून मुख्य सरांचा चेहरा पडला. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी एवढं मान्य केलं की चुकीनंतर पहिली पाच मिनिटं खेळाडू बदलायचा नाही.

पोरांबरोबरची माझी बैठक मात्र साफ फसली. मी चिठ्ठ्या वाटल्या, नाव न घालता भीती लिहा म्हटलं. अठरा चिठ्ठ्यांपैकी सहा कोऱ्या, एकीवर "मॅडम मिसळ कधी", एकीवर कुठल्यातरी मुलीचं नाव. पुस्तकी उपाय. मी कागद गोळा केले आणि बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. पोरं बुटांच्या नाड्या सोडत होती. तिथं, कुणी मागितलं नसताना, उत्तरेकडच्या तालमीचा एक हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, सुजितला म्हणाला, "मर्दा, त्या मॅचला तू पास दिलास तवा मी मोकळा हुतो. हाक मारली न्हाई. मारली असती तर माझ्याकडं आला असता बॉल."

सुजितनं नाडी तशीच हातात धरून ठेवली. "तुला नको हुता व्हय?"

"नको हुता."

दोघंही हसायला लागले. मग एकेक करत बाकीचे बोलले. मी काही केलं नाही, फक्त घरी जायला उशीर केला. त्या संध्याकाळी पोरांनीच ठरवलं की सरावात हाक न मारता घेतलेला बॉल परत द्यायचा, आणि मॅचची क्लिप कुणी टाकली तर त्यानं अख्ख्या टीमला मिसळ द्यायची. दंड कोल्हापूरला साजेसा होता.

वडिलांशी पुन्हा बोलले तेव्हा त्यांना घरापुरतं एकच काम दिलं: मॅचवरून परत येताना गाडीवर मॅचबद्दल बोलायचं नाही. मुलानं काढलं तरच. "मग बोलायचं काय?" त्यांना खरंच प्रश्न पडला होता. वीस वर्षांत बापलेकांनी दुसरा विषय काढला नसावा.

ज्यांच्या घरी असंच काही चाललंय त्यांनी महिना-दोन महिने जरूर थांबावं, मुलाचं नव्या माणसाशी जमायला तेवढा वेळ लागतो. पण मारहाण, आई-बहिणीवरून शिव्या, अंगाला नको तसा हात लावणं, दुखापत असताना खेळवणं, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका. आणि खेळ नसलेल्या दिवशीही मूल झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यातच रस उरला नाही असं बोलत असेल, तर विषय कोचचा राहिलेला नाही, डॉक्टर गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर कधीही फिरवता येतो, मराठीत बोलता येतं. सुजितचं तसं नव्हतं. मॅचच्या आदली रात्र सोडली तर तो दोन भाकरी जास्तच खात होता.

बँडेजचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या भेटीला तो बँडेजशिवाय आला. मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. जाताना मात्र म्हणाला, "मॅडम, तुमच्या लक्षात आलं हुतं न्हवं, पाय बदललेला?" मी म्हटलं, "कुठला पाय?" तो लाजला.

पुढच्या सराव सामन्याला मी पुन्हा शेंगदाणे घेऊन गेले. पहिल्या हाफमध्येच पुडी संपली, मोजणं सोडून दिलं. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेच्या दिवशी मला जाता आलं नाही. संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

"हरले मॅडम. टायब्रेकरवर गेली."

"अरेरे. आणि सुजित?"

"हाय की इथंच. पर त्याला फोन देऊन काय उपेग न्हाई, घसा बसलाय त्याचा. आवाजच फुटंना. आई मिठाच्या गुळण्या करायला लावालीय."