सोनोग्राफी नॉर्मल, तरीही असह्य वेदना

प्रश्न : माझे वय ३३ आहे. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात असह्य दुखते, शौचाच्या वेळी कळ येते आणि शरीरसंबंधाच्या वेळीही खोलवर वेदना होतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल आला. आता एका डॉक्टरांनी योनीमार्गातून सोनोग्राफी, तर दुसऱ्यांनी थेट एमआरआय सुचवला आहे. रिपोर्ट चांगला असताना आणखी तपासण्या कशाला, असे घरचे म्हणतात. कोणती तपासणी अधिक खात्रीची?

उत्तर : आधी घरच्यांच्या शंकेविषयी. तुमच्या लक्षणांवरून खोलवर रुजलेल्या एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, शंका येते. या आजाराच्या गाठी गर्भाशयाला मागून आधार देणाऱ्या अस्थिबंधांवर, योनीमार्ग आणि गुदाशय यांच्यामधल्या पडद्यात किंवा आतड्याच्या भिंतीत असतात, आणि पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत त्या सहसा दिसत नाहीत. म्हणून त्या रिपोर्टमुळे तुमचे दुखणे खोटे ठरत नाही. ‘नॉर्मल’ या एका शब्दापायी कितीतरी जणींना वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

आता तुमचा मूळ प्रश्न. त्याच रुग्णांवर दोन्ही तपासण्या करून झालेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. गुदाशय आणि त्याला लागून असलेल्या मोठ्या आतड्यात आजार असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८५ जणींमध्ये तो योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने सापडला, आणि एमआरआयनेही तितक्याच जणींमध्ये. अस्थिबंधांच्या बाबतीत हे प्रमाण अनुक्रमे ६७ आणि ७० टक्के, तर योनीमार्ग-गुदाशयामधल्या पडद्याच्या बाबतीत ५९ आणि ६६ टक्के होते. महाग तपासणी म्हणजे अधिक खात्रीची, असा अर्थ या आकड्यांतून निघत नाही.

सोनोग्राफीचे खरे बळ असे, की ती करताना डॉक्टर तुमच्याशी बोलू शकतात, नेमके कुठे दाबल्यावर दुखते ते विचारू शकतात, आणि गर्भाशय व आतडे एकमेकांवरून सहज सरकतात की चिकटून बसले आहेत, हे त्याच क्षणी पाहू शकतात. मात्र हे सर्व करणाऱ्याच्या अनुभवावर फार अवलंबून असते. केवळ गर्भाशयाची आणि अंडाशयांची मापे घेऊन दहा मिनिटांत उरकलेली तपासणी या कामाची नव्हे. एमआरआयमध्ये चित्राचा आवाका मोठा असतो. वरच्या भागातले आतडे, मूत्रवाहिनीचा मार्ग आणि ओटीपोटातल्या नसांचा परिसर त्यात एकत्र दिसतो, आणि त्याच प्रतिमा नंतर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरही पाहू शकतात. परंतु तोही एंडोमेट्रिओसिसचा विचार करून काढलेला आणि तो वाचण्याचा सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टने पाहिलेला हवा.

म्हणून माझा सल्ला असा, की अनुभवी व्यक्ती उपलब्ध असेल तर आधी योनीमार्गातून सोनोग्राफी करावी, आणि त्याच वेळी मूत्रपिंडेही पाहून घ्यावीत, कारण गाठीमुळे मूत्रवाहिनी दाबली गेली तर काहीही न दुखता मूत्रपिंड निकामी होऊ शकते. आतड्यात किंवा मूत्रवाहिनीजवळ आजार आढळला, शस्त्रक्रिया ठरत असली, किंवा रिपोर्ट आणि वेदना यांचा मेळ बसत नसला, तर एमआरआय अवश्य करावा. दोन्ही नॉर्मल आले तरी पोटाच्या आतल्या आवरणावरचे वरवरचे ठिपके त्यांत सुटू शकतात. त्यामुळे उपचार नाकारले जाऊ नयेत. केवळ निदानासाठी प्रत्येकीची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी, असे ‘एश्रे’ या मानवी प्रजननशास्त्राच्या युरोपीय संस्थेची २०२२ सालची मार्गदर्शक तत्त्वे आता सांगत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी २१ वर्षांची, अविवाहित आहे. तिला हाच त्रास आहे. योनीमार्गातून तपासणी तिला नको आहे. सीटी स्कॅन चालेल का?

उत्तर : सीटी स्कॅनमध्ये या गाठी नीट उमटत नाहीत आणि किरणोत्सर्ग मात्र होतो, म्हणून तो नको. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो आणि कोणतेही उपकरण शरीरात घालावे लागत नाही. तिच्यासाठी तोच योग्य. गुदमार्गातून सोनोग्राफी हाही पर्याय आहे, पण तिची स्वतःची संमती असेल तरच. सीए-१२५ या रक्तचाचणीवरून निदान ठरवू नये. या आजारात ती नॉर्मलही येते आणि इतर कारणांनी वाढलेलीही आढळते.