‘गेले होते’ आणि फ्रेंचमधला प्लुस-क-पारफे

एका वाचक ताईंनी विचारलंय : मुलगी अकरावीला फ्रेंच शिकते. तिनं ‘मी काल पुण्याला गेले होते’ याचं भाषांतर ‘इएर, झेतेज़ आले आ पुने’ असं केलं. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. पुस्तकात तर प्लुस-क-पारफे म्हणजे पूर्ण भूतकाळ असं दिलंय. मग चुकलं कुठे?

रूपात काहीच चुकलेलं नाही. किंबहुना हा काळ चालवायला मराठी माणसाइतका सोपा दुसऱ्या कुणाला जात असेल असं मला वाटत नाही. सहायक क्रियापदाचा भूतकाळ आणि पुढे मुख्य क्रियापदाचं भूतकृदंत, की झालं. आपलं ‘गेले’ अधिक ‘होते’, फक्त क्रम उलटा : ‘एते आले’, म्हणजे ‘होते गेले’. सहायक दोनच, आव्वार (‘जवळ असणे’) आणि एत्र (‘असणे’). दोन्हींचा अँपार्फे म्हणजे अपूर्ण भूतकाळ घ्यायचा : झावे, त्यु आवे, इल आवे, नूज़ाव्यों, वूज़ाव्ये, इल्ज़ावे. एत्रचं तसंच : झेते, त्यु एते, इल एते, नूज़ेत्यों, वूज़ेत्ये, इल्ज़ेते. सहांपैकी चार रूपं कानाला अगदी सारखी लागतात आणि लिहिताना मात्र त्यांची तीन वेगवेगळी स्पेलिंगं होतात. मार्क जातात ते इथे.

आव्वार कधी आणि एत्र कधी, यासाठी शिकवण्यांमध्ये सतराशेसाठ युक्त्या सांगतात. माझी युक्ती घरचीच आहे. मराठीत तृतीय पुरुषी कर्त्याला ‘ने’ लागतो का बघा. ‘त्याने लिहिलं होतं’, ‘तिने पाहिलं होतं’ : ‘ने’ आला, आव्वार लावा. ‘तो गेला, आला, निघाला, पोचला, पडला, राहिला, जन्मला, मेला’ : ‘ने’ नाही, आणि ही सगळी मंडळी फ्रेंचमध्ये एत्र घेतात. एकच क्रियापद दोन्हीकडे जातं तेव्हा तर ही कसोटी फारच सुंदर चालते. ‘ती वर चढली होती’ म्हणजे ‘एल एते मोंते’. ‘तिने बॅग वर चढवली होती’ म्हणजे ‘एल आवे मोंते ला वालीज़’.

पण ही कसोटी उलटी वापरू नका. ‘तो हसला, झोपला, चालला, जेवला’ यांत ‘ने’ नाही, तरी फ्रेंचला तिथे आव्वारच हवं. आणि ‘त्याने दाढी केली होती’ हे फ्रेंचमध्ये आत्मवाचक (करणाऱ्यानं स्वतःवरच केलेली क्रिया) होतं, म्हणून ‘ने’ असूनही ‘इल सेते राज़े’, म्हणजे एत्र.

आता लिंग-वचन. इथे तर दोन्ही भाषा एकमेकींच्या मावसबहिणी वाटाव्यात. एत्र असेल तर कृदंत कर्त्यामागे जातं, आपल्या गेला-गेली-गेलेसारखं. (फ्रेंचमध्ये हा फरक ‘आले’च्या बाबतीत फक्त कागदावर दिसतो, ऐकू येत नाही.) आव्वार असेल तर कर्त्याला कुणी विचारत नाही. ‘मी चिठ्ठी लिहिली होती’ यात लिहिणारा बाप्या की बाई, ते कळत नाही. ‘लिहिली’ ही चिठ्ठीशी जुळते. फ्रेंचही कर्माशी जुळवते, पण कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच. ‘झावे एक्री ला लेत्र’ यात चिठ्ठी मागून येते, म्हणून कृदंत ढिम्म. ‘ला लेत्र क झावे एक्रीत’, म्हणजे ‘मी लिहिली होती ती चिठ्ठी’, यात मात्र शेवटी स्त्रीलिंगाचा ‘त’ चक्क ऐकू येतो. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीनं इटालियनचा दाखला देत हा नियम पद्यात मांडला आणि तेव्हापासून फ्रेंच पोरं त्याच्या नावानं बोटं मोडत आली आहेत. मराठीत कर्म एरवीही क्रियापदाच्या आधीच बसतं, त्यामुळे आपल्याला असला नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

मग लाल रेघ कशाला? तर अर्थासाठी. प्लुस-क-पारफे हे नाव लॅटिनमधून आलंय आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘पूर्णाहून अधिक’. म्हणजे आधीच भूतकाळात असलेल्या एखाद्या क्षणाच्याही मागचं. तो क्षण वाक्यात किंवा निदान संदर्भात असावाच लागतो. आपल्या ‘होते’ला अशी गरज नाही. ‘आई बाजारात गेली आहे’ म्हटलं की आई अजून बाजारात, ‘गेली होती’ म्हटलं की बहुधा पिशवी घेऊन घरी परतलेली. आपण ‘होती’ लावून प्रसंग मिटला एवढंच सांगतो. मिटलेल्या कालच्या फेरीसाठी फ्रेंचला पासे कोंपोज़े हा रोजच्या बोलण्यातला साधा भूतकाळ पुरतो : ‘इएर, झ स्विज़ आले आ पुने’. मुलीचं वाक्य ऐकून फ्रेंच माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत बसेल : गेली होतीस, बरं, आणि मग काय झालं?

‘तू फोन केलास तेव्हा मी पुण्याला निघून गेले होते’ असं असतं तर मात्र ‘काँ त्यु आ तेलेफोने, झेते पार्ती पूर पुने’ बिनचूक ठरलं असतं.

उलट दिशेचा एक खड्डाही दाखवून ठेवतो. ‘मला माहीत असतं तर मी थांबले असते’ यात आपल्याकडे दोन्हीकडे ‘असतं’. ‘होतं’चा मागमूस नाही. फ्रेंचमध्ये ‘जर’च्या बाजूला नेमका हाच काळ येतो : ‘सी झावे स्यु, झ सरे रेस्ते’. मुलीला सांगा, परीक्षेत हे वाक्य आलं तर ‘होते’ शोधत बसू नकोस, ‘सी’ दिसला की ‘झावे’ लिहून मोकळी हो.