शेजारचं पार्टिशन

प्रिय मित्रा,

तुझी फाइल सिस्टिम डिस्कवर लिहायला लागली आणि लगेच तुला धास्ती वाटली: आपल्या चुकीने शेजारचं पार्टिशन, म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा भाग, खराब झालं तर? धास्ती योग्य आहे, फक्त ती तू चुकीच्या ठिकाणी धरली आहेस.

लिनक्समध्ये तुझ्या कोडला सहसा अख्खी डिस्क दिसतच नाही, दिसतं ते त्याचं पार्टिशन. तू शून्याव्या सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या क्रमांक दिलेल्या छोट्या तुकड्यावर, लिहायला सांगतोस. पार्टिशन डिस्कच्या २०४८व्या सेक्टरपासून सुरू होत असेल, तर ते २०४८ मिळवतो ब्लॉक लेयर, म्हणजे फाइल सिस्टिम आणि डिस्क यांच्या मधला कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) थर. त्याआधी तो मागणी पार्टिशनच्या शेवटापलीकडे जाते का ते बघतो. गेली, तर डिस्कपर्यंत काही पोचत नाही. तुला एरर मिळते आणि कर्नल लॉगमध्ये एक ओळ पडते. मागे सरकायचीही सोय नाही. सेक्टर क्रमांक ऋण नसतो, त्यामुळे वजाबाकी चुकली तर अवाढव्य आकडा तयार होतो आणि तोही शेवटापलीकडेच पडतो. मला ही गंमत फार आवडते.

पण तपासला जातो तो पत्ता. तुझं मॉड्यूल कर्नलच्याच मेमरीत चालतं, आणि तिथे भिंती नाहीत. भरकटलेला पॉइंटर (मेमरीतला चुकीचा पत्ता) दुसऱ्या फाइल सिस्टिमच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे तिच्या डेटाच्या मेमरीतल्या प्रतीत, घुसला, की ती बिचारी तो कचरा स्वतःच, अगदी बरोबर सेक्टरवर, लिहून ठेवते. ब्लॉक लेयरला त्यात काहीच वावगं दिसत नाही. २००८ साली लिनक्स २.६.२७च्या चाचणी आवृत्त्यांमध्ये इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची एनव्हीरॅम, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी, खराब होऊ लागली. संशय ड्रायव्हरवर गेला; दोष निघाला एफट्रेस या कर्नलचं काम न्याहाळणाऱ्या साधनात, म्हणजे कर्नलच्या भलत्याच कोपऱ्यात.

म्हणून सुरुवात फ्यूजवर कर, म्हणजे फाइल सिस्टिम कर्नलबाहेर चालवू देणाऱ्या सोयीवर. २००५पासून तो कर्नलमध्ये आहे. तुझा कोड साध्या प्रोसेससारखा चालतो, पॉइंटर चुकला तर तेवढी प्रोसेस मरते.

राहिलं तुझं स्वतःचं पार्टिशन. तिथे डेटा चुकून सुपरब्लॉकवर, म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकवर, लिहिलास, तर ब्लॉक लेयर हूं की चूं करणार नाही. एक्सएफएस या फाइल सिस्टिमची पाचवी आवृत्ती मेटाडेटाच्या (फाइलींच्या नोंदींच्या) ब्लॉकमध्ये चेकसम, म्हणजे बिघाड ओळखू देणारा आकडा, आणि त्या ब्लॉकचा स्वतःचा पत्ता ठेवते, आणि डिस्कवर जाण्याआधी त्याची रचना तपासते. एक्स्ट४ या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये मेटाडेटाच्या जागांची यादी ठेवून फाइलचे ब्लॉक त्यांवर पडत नाहीत ना, हे बघता येतं. ही दुसरी युक्ती तुला दोन संध्याकाळींत जमेल.

आणि चाचणी व्हर्च्युअल मशीनमध्ये, इमेज फाइलवरच, म्हणजे डिस्कची नक्कल करणाऱ्या फाइलवरच, कर. मी एकदा एसडीए१ (पहिलं पार्टिशन) ऐवजी नुसतं एसडीए (अख्खी डिस्क) लिहिलं होतं. अख्ख्या डिस्कचा शेवट फार लांब असतो, त्यामुळे कुणी अडवलं नाही. पार्टिशन टेबल, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे आहे याची नोंद, गेलं.

सुपरब्लॉकची मांडणी पुढच्या पत्रात पाठव.

तुझा,
जुना सहकारी