तिसरे गुरुजी कागदावर आहेत का?

प्रश्न : आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीची 86 मुले आहेत आणि शिक्षक दोनच. विचारले की ‘तिसरे येतील’ एवढेच ऐकायला मिळते. एका खोलीचे कौलही गळते. दाद कुणाकडे मागायची? – एक पालक

उत्तर : आधी तिसरे शिक्षक का नाहीत ते काढा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक हवेत. मुख्याध्यापकांकडून संचमान्यतेची (पटावरून शाळेला मंजूर झालेल्या शिक्षकपदांच्या तक्त्याची) प्रत आणि शिक्षकांचे हजेरीपत्रक घ्या. त्यातून तीनपैकी एक गोष्ट निघेल.

पदच मंजूर नसेल, तर बहुधा पटाची गोची असते. संचमान्यतेत आधार जुळलेली मुलेच धरली गेली, की वर्गात 86 आणि हिशेबात त्याहून कमी. दाखल-खारीज रजिस्टरातले नाव वा जन्मतारीख आधारशी जुळत नाही, हे नेहमीचे कारण. ते शाळेतच दुरुस्त करून घ्यावे लागते. पद मंजूर पण रिक्त असेल, तर मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (प्राथमिक) जाते.

तिसरा प्रकार सगळ्यात चीड आणणारा. शिक्षक तुमच्याच शाळेचे, पगारही तुमच्याच शाळेच्या नावावर, पण त्यांना ‘कामगिरीवर’ दुसरीकडे धाडलेले. कागदावर जागा भरलेली, त्यामुळे ‘रिक्त पद भरा’ हा अर्ज तिथेच संपतो. इथे कामगिरीच्या आदेशाची प्रत मागा आणि तो रद्द करा, असे लिहा. प्रत देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस.

अर्ज एकट्याच्या सहीने देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. सभेत ठराव करा, तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि सह्या त्याच दिवशी करा. कोऱ्या वहीवर आधी सह्या आणि मजकूर मागाहून, ही खोड अनेक शाळांत आहे. ठरावासह तक्रार पंचायत समितीत द्या. पोच म्हणून आवक शिक्का घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

कौलांचा अर्ज वेगळा द्या. 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 25,000 रुपये ठरलेले आहे. त्यात वीजबिल, खडू, स्वच्छता भागते, छप्पर नव्हे. त्यासाठी बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक लागते. वासे कुजले असतील तर दुरुस्ती मागू नका, खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती धोकादायक म्हणून वापरातून बाद करण्याचा, प्रस्ताव पाठवा. सोबत खोलीचे आतून-बाहेरून फोटो जोडा आणि तोवर त्या खोलीत वर्ग भरवू नये, हेही ठरावात लिहा.