बागेत खताआधी पान ओळखा

भाऊ, तासगावात पहिलीच द्राक्षबाग धरताय, तर आधी पानांचा हिशेब शिका. मण्यातली साखर खतातून येत नाही, ती पानात बनते. पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, मुळांकडून पाणी. हरितद्रव्य उन्हाच्या जोरावर पाण्याचा रेणू फोडतं, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि मिळालेल्या ऊर्जेवर साखर तयार होते.

वरचं पान कामाचं बहुतेक ऊन शोषून घेतं. दुसऱ्या थरात जेमतेम दहावा हिस्सा पोचतो, तिसऱ्यात जवळपास काहीच नाही. त्यामुळे गच्च मांडव बघून खूश होऊ नका! सावलीतलं पान बनवतं कमी, श्वसनात खर्चतं जास्त, शेवटी पिवळं पडतं. दाटीत ओल राहून डाऊनी म्हणजे केवडा रोगही वाढतो. वांझ, म्हणजे घड नसलेल्या फुटी वेळेत काढा, घडामागे 15 च्या आसपास निरोगी पानं राखूनच शेंडा मारा.

मुळाशी ओल कमी पडली की दुपारी रंध्रं मिटतात, मग ऊन असूनही काम थांबतं. ठिबक सकाळीच सोडा.

जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी दिसली तर मॅग्नेशियम कमी आहे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी तेच असतं. मॅग्नेशियम सल्फेट 1 लिटर पाण्याला 5 ग्रॅम, फवारणी संध्याकाळी. कोवळी पानं पिवळी असतील तर मात्र लोहाची कमतरता तपासा, चुनखडीच्या रानात हे हमखास होतं.