आजीचा विठोबा आणि विश्वाचा कर्ता

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजी गेल्यापासून देव्हाऱ्यासमोर हात जोडले जात नाहीत, आणि ‘विश्व आपोआप झालं असेल तर देव कशाला’ या विचारानं झोप लागत नाही, असं लिहिलंस. यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. आधी ते वेगळे कर.

घडा आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग आहे म्हणजे कर्ता असणार, हा नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा युक्तिवाद. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त तो कसून मांडला. मग कर्त्याला कोणी केलं? त्यांचं उत्तर असं, की जे घडलेलं असतं त्यालाच कर्ता लागतो. ईश्वर नित्य आहे. इथे समाधान मानू नकोस. मीमांसक आणि जैन लगेच विचारतात, मग जगच अनादि मानायला काय हरकत? वेद प्रमाण मानणारे मीमांसक सृष्टिकर्ता मानत नव्हते, हे विद्यार्थिदशेत कळलं तेव्हा मी हादरलो होतो. तुझी शंका चांगल्या घराण्यातली आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त मराठी अर्थासह वाच. ही सृष्टी कुठून आली हे वरून पाहणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, असं म्हणून ते संपतं. ऋग्वेदाची जुनी हस्तलिखितं आपल्या पुण्यातच, भांडारकर संस्थेत जपलेली आहेत.

आता विज्ञान. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि दाट होतं, तेव्हापासून ते प्रसरण पावतंय. १९६५ साली जाहीर झालेलं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण, म्हणजे त्या तप्त अवस्थेतून उरलेलं आणि आकाशात सगळीकडून येणारं मंद प्रारण, हा त्याचा भक्कम पुरावा. तरी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारणारे जयंत नारळीकर एकाच आरंभाची कल्पना मानायला अखेरपर्यंत तयार नव्हते. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना त्यांचं म्हणणं पटलं नाही, मलाही नाही. पण विश्वाला आरंभ आहे का, हा वाद त्यांनी निरीक्षणं आणि गणित मांडूनच केला. तसा वाद करायला शीक. प्रसरणाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र तर कॅथलिक धर्मगुरू होते, आणि आपल्या सिद्धांताला देवाचा पुरावा म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. मुळात काहीतरी का आहे, हा प्रश्न दुर्बीण सोडवत नाही.

आता दुसरा प्रश्न. ज्येष्ठात तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला आली, की आजी तुला घेऊन दर्शनाच्या रांगेत उभी राहायची, हे तूच मला सांगितलं होतंस. ती तिथे विश्वाचं कारण शोधत नव्हती. उद्या कुणी कर्ता सिद्ध केला, तरी तो तिचा विठोबा ठरणार नाही. आणि कर्ता नाही असं ठरलं, तरी त्या रांगेत तुझ्या हाताला धरलेला तिचा हात खोटा होत नाही.

मला वाटतं, तुझी झोप उडवणारा खरा प्रश्न ‘आजी कुठे गेली’ हा आहे. माझे वडील गेले तेव्हा मीही वर्षभर ग्रंथ उपसत बसलो. रडायचं राहूनच गेलं. तू तसं करू नकोस.

हात जोडावेसे वाटत नसतील तर जोडू नकोस. पण आईच्या नैवेद्यावरून वाद घालू नकोस. तिची तर आईच गेली आहे.

रविवारी सकाळी सहाला वेताळ टेकडीवर ये. सूक्त वाचून ये. आणि आजीचा एखादा फोटो असेल तर तोही आण.

तुझे सर