घरी स्पॅनिशचे क्लास काढायचेत

प्रश्न: माझं स्पॅनिशचं बी२ (मधली वरची पातळी) झालंय, कोथरूडला घरीच क्लास काढायचाय, लायसन्स लागतं का? – एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, बिनधास्त काढा! उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन फुकटात होते आणि जीएसटीचं रजिस्ट्रेशन वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तरच, सोसायटीला मात्र आधी विचारून ठेवा. खरं लक्ष शिकवण्याकडे द्या, पाच-सहा जणांची ए१ ची (अगदी सुरुवातीच्या पातळीची) एकच बॅच घ्या आणि पहिल्याच तासाला सेर-एस्तारचे ('असणे' या अर्थाच्या दोन क्रियापदांचे) तक्ते फळ्यावर नकोत, आधी प्रत्येकाला 'मे यामो' म्हणत आपलं नाव सांगू द्या, भीड तिथेच मोडते. ज्यांना इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची डेले ही स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल त्यांची बॅच वेगळीच ठेवा, तयारी फार वेगळी असते. फी महिन्याची आगाऊच घ्या, ओळखीच्यांकडूनसुद्धा.